चार केळी आणि मंगळवारची खुर्ची

आत्या आली ती वजनकाटा काखोटीला मारूनच.

"हा कशाला आणि?" काकूंनी दार उघडता उघडता विचारलं.

"तुमचा काटा दादाच्या बाजूचा आहे वहिनी. त्याला दोन किलो कमी दाखवतो, मला दोन जास्त."

"काट्याला कुठे बाजू असते वन्सं?"

"या घरात दारालासुद्धा बाजू असते," आत्या म्हणाली आणि तिने काटा हॉलच्या मधोमध ठेवला. गळ्यात मोजपट्टी होती. रविवार असला तरी ती उतरत नसे. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवून आत्याचा कशावरही विश्वास उरला नव्हता, उरला होता तो फक्त आकड्यावर. आणि तोही स्वतः मोजलेल्या.

स्वयंपाकघराच्या दारात सून, म्हणजे काकूंच्या पुतण्याची, बारक्याची बायको उभी होती, कडेवर तीन वर्षांची चिमी. 'सहज जेवायला या,' असा निरोप सगळ्यांना गेला होता. या घरात सहज काही होत नाही, हे सुनेला लग्नानंतर आठवड्याभरातच कळून चुकलं होतं. आजचं कारण तर कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. कारणाचं नाव मंगळवार.

सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिसच्या खोलीत खुर्च्या चार. त्यांतल्या एकीचं मशीन कायम बंद, म्हणजे खरी पेशंट तीच. माणसं अठरा. प्रत्येकाचं रक्त आठवड्यातून दोनदा धुऊन मिळे. तीनदा हवं असे जवळपास सगळ्यांनाच, पण मिळे मोजक्यांना. गेल्या महिन्यात तिथल्या एका वकिलाला त्याच्या बायकोने किडनी दिली. ("आता जन्मभर ऐकून घे म्हणावं," ही आत्याची टिप्पणी.) त्याची मंगळवार दुपारची पाळी रिकामी झाली. पाळी एक आणि तिच्यावर डोळा ठेवलेली माणसं या एकाच घरात दोन: थोरले काका आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. दोघांच्याही किडन्यांत पाण्याचे फुगे. हा आजोबांचा वारसा. आजोबांच्या बाकी वस्तूंवरून भावंडांत बरीच धुसफूस झाली होती, फुगे तेवढे तिघांना समान मिळाले. तिसरा वाटेकरी, म्हणजे बारक्याचे वडील, त्यांतच गेले. तेव्हा बारका बारावीला होता. पुढे तो डायलिसिसचा तंत्रज्ञ झाला, आणि आता त्या खोलीची आठवड्याची यादी त्याच्याच हातची असे.

यादी तो लिहितो, ठरवत नाही. पण एवढं वाक्य त्याला घरात आजवर पुरं करता आलेलं नव्हतं. कारण या घराची एक जुनी रीत होती. वाक्य सुरू करणारा एक आणि संपवणारा दुसरा.

जेवणं सुरू झाली, तशी आत्याने सुरुवात केली.

"बारक्या, सरळ सांग. कुणाचं नाव टाकणार?"

"मी नाही टाकत आत्या. कमिटी—"

"कमिटी म्हणजे कोण रे? मोठ्या डॉक्टर, मेट्रन आणि तू."

"मी नुसता कागद धरून—"

"कागद धरणाऱ्याच्याच हातात सगळं असतं," काका म्हणाले. बसस्थानकावर तीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढल्यामुळे प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे स्थानकातला एक दाखला असे. "आमच्याकडे साहेब नुसती सही करायचा. गाडी सुटायची ती माझ्या शिट्टीवर."

"तुझी शिट्टी राहू दे. मी लहान आहे. सात वर्षांनी."

"म्हणूनच मी आधी. मोठा आहे मी."

"मोठा म्हणजे तू आधीच जास्त जगून झालास की दादा!"

काकूंनी भाताचा डाव जरा जोरातच भांड्यात रोवला. "वन्सं, यांना जिना चढताना धाप लागते."

"मला शिलाई मशीनचं पायडल मारताना लागते."

"तुमच्या मशीनला मोटर बसवून चार वर्षं झाली."

"मोटरचं बटण दाबतानासुद्धा लागते!"

चिमी खिदळली. सुनेलाही हसू आलं, पण तिने ते गिळलं. चिमीच्या वाटीतले घास मोजता मोजता ती बारक्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तो मान खाली घालून जेवत होता. घरात असा तो दमलेला दिसायचा, दवाखान्यात कधीच नाही.

"पथ्य कोण पाळतं तेही बघायला हवं," आत्या म्हणाली. "मी दिवसाला मोजून चार पेले पाणी पिते."

"मीही चारच," काका म्हणाले.

"आणि बर्फ?"

"बर्फ खातात. पीत नाहीत."

"पण नियम काय आहे?" सुनेने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. या पंगतीत नियमाची चौकशी म्हणजे लग्नाच्या वाटाघाटीत मुलीला काय वाटतं ते विचारण्यासारखं होतं.

बारक्याने मात्र मान वर केली. "नियम साधा आहे. ज्याचे रिपोर्ट जास्त वाईट, त्याचा नंबर आधी. सारखेच निघाले तर जो जास्त दिवस थांबलाय, तो आधी. आणि रिपोर्ट म्हणजे—"

"उद्या सकाळचे!" आत्या म्हणाली. "आमचं दोघांचं उद्याच रक्त घेणार आहेत ना?"

"हो, पण ते—"

"रक्तात बघतात ते पोटॅशियमच ना रे?" काका म्हणाले. "आणि अंगात पाणी किती साठलंय ते वजनावरून?"

"हो. पण काका, त्यात—"

चिमीने पाण्याचा पेला उलटा केला. बारका फडकं आणायला उठला. परत आला तोवर विषय आत्याच्या काट्यावर गेला होता. त्याचं वाक्य ताटाशेजारच्या ओल्यात तसंच पडून राहिलं.

दुपारी काका आतल्या खोलीत आडवे झाले. झोप कसली येते! 'रिपोर्ट जास्त वाईट, त्याचा नंबर आधी.' हिशेब उलटाच होता सगळा. तीस वर्षं त्यांनी वेळेवर येणाऱ्याला शाबासकी दिली होती. इथे जो जास्त बिघडलेला, तो पुढे. आपण उगाच इतके दिवस नीट वागलो, असं त्यांना वाटू लागलं. बर्फ सोडून.

दार हळूच उघडलं. काकू आत आल्या आणि त्यांनी पदराआडून एक केळं काढलं.

काका उठूनच बसले. सहा वर्षं या बाईने त्यांच्या हातातून केळी, टोमॅटो, बटाट्याचे काप, एकदा तर पाहुण्यांसमोर अर्धं संत्रं हिसकावून घेतलं होतं. केळ्यात पोटॅशियम असतं, पोटॅशियमने हृदय बंद पडतं, हे वाक्य घरात रोज उठता-बसता ऐकू येई.

"तू मला केळं देतेस?"

"हळू बोला."

"माझ्यावर रागावलीस का?"

"गप खा." काकूंनी केळ्याचं टोक मोडलं. "एकाने काही होत नाही. उद्या आकडा जरा वर गेला की झालं. वन्सं तिकडे काय करतायत, देव जाणे. मला तुम्ही आठवड्यातून तीन दिवस माणसासारखे हवे आहात. दोन दिवसांत भागत नाही हो आता."

काकांनी केळं हातात घेतलं. सहा वर्षांनी ते इतकं पिवळं दिसलं की डोळ्यांत पाणी यावं. एक खाल्लं. मग विचार आला, एका केळ्याने आकडा हलला नाही तर पथ्यही गेलं आणि पाळीही. टाइमकीपर अर्धवट काम करत नाही. "अजून आहेत?" त्यांनी विचारलं.

त्याच वेळी आत्या न्हाणीघरात होती. कडी लावलेली, काटा फरशीवर, हातात दात घासायचा पेला. पहिला पेला तिने नियमासाठी प्यायला, दुसरा दादावर मात करण्यासाठी. तिसऱ्याला तिला कारणच आठवेना. पाणी इतकं गोड असतं, हे ती विसरूनच गेली होती. चौथा, पाचवा. प्रत्येक पेल्यानंतर ती काट्यावर चढे आणि आकडा सरकला की शिवलेला सदरा अंगावर चपखल बसावा तसं तिला वाटे. सातव्या पेल्यानंतर ती कमोडच्या झाकणावर बसली. धाप लागत होती, खरीखुरी. मोटरचं बटण न दाबताच.

सुनेला मोजायची सवय होती. चिमीचे ढेकर, चिमीच्या शिंका, औषधाचे थेंब, खिडकीच्या गजांमधली बोटं. घरातले तिला हसत. "ही श्वास पण मोजत असेल," असं काकू एकदा म्हणाल्या होत्या. खरं तर मोजतही होती. चिमी झोपली की तिच्या पोटाकडे बघत. त्या इवल्याशा पोटात वारसा उतरलाय की नाही, याचं उत्तर बारक्याच्या पोटात होतं. आणि बारक्याने स्वतःची तपासणी कधी करून घेतलेली नव्हती. ती विषय काढायची, "आपण एकदा तुझी सोनोग्राफी—" आणि तो म्हणायचा, "चिमीला टोपी घाल, वारा आहे." त्या घराण्याचाच ना तो!

चार वाजता ती चिमीसाठी केळं घ्यायला गेली. सकाळी सहा आणली होती. टोपलीत दोन होती.

तिने आधी चिमीकडे पाहिलं. चिमी केळं पूर्ण खात नाही, अर्धं उशीखाली ठेवते. उशीखाली काही नव्हतं. मग तिने कचऱ्याचा डबा पाहिला, रिकामा. मग शेवटी, का कोण जाणे, आतल्या खोलीत खिडकीतली कुंडी. मातीत चार सालं नीट घडी घालून पुरली होती. एकेकाच्या चार घड्या. या घरात इतक्या शिस्तीने गुन्हा करणारा माणूस एकच होता.

काका पलंगावर डोळे मिटून पडले होते.

"काका, केळी तुम्ही खाल्लीत?"

"कोण म्हणतं?"

"ओठांना मुंग्या येतायत का?"

काकांनी जिभेने ओठ चाचपले. त्यांचा चेहरा उतरला. "पाय जड झालेत जरा. पण ते वयानेही..."

"अरे!" सून ओरडली. अशी ती आजवर फक्त चिमी जिन्यावरून घसरली तेव्हा ओरडली होती. "लवकर ये! काकांनी चार केळी खाल्लीत!"

बारका धावत आला, मागून काकू. त्यांची नजर कुंडीतल्या सालांवर गेली. "मी एकच दिलं होतं," त्या म्हणत राहिल्या. "बाकीची त्यांनी टोपलीतून... मी एकच दिलं होतं रे."

न्हाणीघराची कडी निघाली. आत्या भिंत धरून बाहेर आली. "दादाने केळी खाल्ली? लबाड! मी नुसतं पाणी प्यायले."

"किती?" बारक्याने विचारलं.

आत्याने खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि काटा तिच्या मागेच होता, हे तिच्या लक्षात आलं. "सात पेले."

बारक्याने आयुष्यात पहिल्यांदा थोरल्यांवर आवाज चढवला. त्यात शब्द एकच होता. "गाडीत!"

दवाखान्यात काकांच्या छातीला वायरी लागल्या. कागदावरची रेघ पाहून बारक्याने कुणाला काही विचारलं नाही, सरळ मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. लगेच मशीनवर घ्या, त्या म्हणाल्या, मी निघालेच.

चारांतली एक खुर्ची कायमची बंद. दोघींवर माणसं होती, अर्ध्यात आलेली. चौथीवर एक बाई नुकतीच येऊन बसली होती. तिला सगळे व्हॅनवाली म्हणत. ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची, म्हणून तिची एक पाळी रविवारी असे. तिने सदऱ्याच्या बाहीची चेन उघडून हात पुढे धरला होता. ती बाही आत्यानेच शिवली होती. सुया टोचायच्या हाताला बाही वर सरकवताना त्रास होतो, म्हणून मनगटापासून दंडापर्यंत चेन. खोलीतल्या अकरा जणांना आत्याने तशा बाह्या शिवून दिल्या होत्या.

"ताई," बारका म्हणाला, "एक तातडीचा पेशंट आहे. तुम्हाला उठावं लागेल. चार तास."

व्हॅनवालीने दारातल्या काकांकडे पाहिलं. "अगोबाई, टाइमकीपर! या, या. आमची गाडी मागून सुटेल." तिने चेन वर ओढली. बारीकसा आवाज झाला. आत्याने शेकडो चेना लावल्या होत्या, पण असला आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. आत्याला तपासून झालं होतं. पाणी वाढलंय, पण उद्यापर्यंत थांबता येईल, ताठ बसा आणि घोटभरही पिऊ नका, असं सांगितलं होतं. व्हॅनवालीचे पाय चपलेच्या पट्ट्यांतून फुगून वर आले होते. ती पुढे वाकून श्वास घेत होती.

"रात्री झोप लागते का गं?" आत्याने विचारलं.

"बसून लागते. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं. म्हणून मी व्हॅनमध्येच झोपते, स्टिअरिंगवर डोकं टेकून. चुकून हॉर्न वाजतो आणि सगळी गल्ली जागी होते." ती हसली आणि हसताना खोकली. "काय झालं हो अचानक तुमच्या भावाला?"

 आत्याने मोजपट्टी गळ्यातून काढली, बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"केळी खाल्ली त्याने. मुद्दाम. आणि मी पाणी प्यायले. मंगळवारच्या खुर्चीसाठी."

व्हॅनवालीने मान वर केली. "किती केळी?"

"चार."

"बाप रे. मी एकदा एक हातात घेतलं होतं हो. याच विचाराने." ती थांबली, दम घेतला. "पण व्हॅनमध्ये अकरा पोरं होती. म्हटलं, गाडी चालवता चालवता काही झालं तर? मग एका पोरीला देऊन टाकलं. तिने निम्मं सीटला पुसलं." आणि ती पुन्हा हसायला लागली. आत्याला मात्र हसता येईना.

मोठ्या डॉक्टर आल्या, रेघ पाहिली, काकांना पाहिलं, मशीनचे आकडे पाहिले. तासाभराने रेघ ताळ्यावर आली, तेव्हा त्या खुर्चीच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. काकू, आत्या, चिमीला घेतलेली सून असे सगळे भोवती गोळा झाले होते.

"कमिटी एका दिवसाचा रिपोर्ट धरतच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तीन महिन्यांची सरासरी धरते. तुमच्याआधी एकाने टोमॅटोचा रस पिऊन बघितला होता, तेव्हापासून."

काकांनी बारक्याकडे मान वळवली. "मग हे जेवताना का नाही सांगितलंस?"

बारक्याने तोंड उघडलं आणि सवयीने थांबला, कोणीतरी मधे बोलेल म्हणून. कोणी बोललं नाही. 

"तीन वेळा सुरुवात केली काका," तो म्हणाला.

 काकूंनी काकांच्या पांघरुणाची नसलेली सुरकुती नीट केली.

"आणि आणखी एक सांगून ठेवते," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे उद्या खरबूज नको. सरासरीने तुम्ही दोघं पहिल्या तिघांतसुद्धा नाही."

"तिघांतसुद्धा नाही?" आत्या दुखावलीच. "म्हणजे मी इतकी बरी आहे?"

"पाचवा आणि सहावा नंबर."

"पाचवं कोण?" काका आणि आत्याने एकदमच विचारलं.

"ते मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि हसू लपवत निघून गेल्या.

काका नळीतून फिरणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडे पाहत होते. मग म्हणाले, "बारक्या, तीस वर्षांत मागून आलेली गाडी मी कधी पुढे सोडली नाही. पार वरून फोन आले, तरी नाही. आणि आज स्वतःच मधे घुसलो. तेही केळी खाऊन." त्यांनी दाराकडे पाहिलं. "माझी बुधवारची पाळी त्या बाईला दे. तिची आजची मी घेतली."

"तसं नाही चालत काका."

"मी देतोय ना!"

"पाळी तुमची नाही द्यायला. बुधवारी तुम्हाला लागणारच आहे. पुन्हा तातडीने आलात तर परत त्याच उठतील." बारक्याने मशीनचा एक आकडा वहीत उतरवला. "उद्या सरासरीत जो सगळ्यांत वाईट निघेल, तो मंगळवारी बसेल. तुम्ही नुसतं केळं खाऊ नका, एवढं पुरे."

काकांनी सुया टोचलेला हात खुर्चीच्या दांडीवर सरळ केला. बारक्याचं वाक्य पुरं झालं होतं.

सोमवारी संध्याकाळी सून चिमीला घेऊन दवाखान्यात गेली. काकांच्या डब्याचं निमित्त होतं. बारका खोलीबाहेरच्या भिंतीवर नवीन यादी चिकटवत होता. मंगळवार दुपारच्या रकान्यात व्हॅनवालीचं नाव होतं, बारक्याच्या त्याच गोल अक्षरात. काकांना देखरेखीसाठी ठेवून घेतलं होतं; ते आत पलंगावर आणि आत्या त्यांच्याशेजारी साध्या खुर्चीवर. आत्या व्हॅनवालीसाठी दुसऱ्या सदऱ्याला चेन लावत बसली होती आणि पाचवं कोण, यावर त्यांचं कालपासून भांडण चालू होतं.

सून यादीकडे बघत उभी राहिली. अठरा नावं. उद्या यात कुणाची भर पडेल, ते कागदाला ठाऊक नव्हतं. पण पडलीच, तर नावं वर-खाली करायला कुणी केळी खाऊन येणार नाही, आणि आलं तरी त्याचा उपयोग होणार नाही. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हा साधा नियम बराच मोठा होता.

"आपण एकदा तुझी सोनोग्राफी—" ती म्हणाली, आणि सवयीने थांबली.

 हातात डिंकाची बाटली धरून बारका तिच्याकडे पाहत राहिला. वारा असूनही चिमीच्या टोपीचं नाव त्याने काढलं नाही.

पुढचे शब्द तिने कधी जुळवूनच ठेवले नव्हते. तिथवर कधी पोचायलाच मिळालं नव्हतं.

"—करून घेऊया," ती म्हणाली. "आधी तुझी. मग डॉक्टर म्हणाल्या तर चिमीची. आणि काहीही निघो, मला ते अर्धं सांगू नकोस."

आतून आत्याचा आवाज आला, "पाचवी मीच, दादा, काट्यावर पैज!"

"गुरुवारी सकाळी," बारका म्हणाला. "माझी सुट्टी आहे." आणि त्याने डिंकाच्या बाटलीला घट्ट बूच लावलं.